मुलांकडे अमेरिकेत: दरवर्षी सहा महिने, की ग्रीन कार्ड?

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक झाली की थोड्याच दिवसांत फोनवर विषय निघतो: "आई-बाबा, तुमचं ग्रीन कार्ड करून टाकू का?" प्रश्न मायेपोटी आलेला असतो. "तुला सोयीचं असेल तसं कर" हे उत्तरही मायेपोटीच दिलं जातं. पण या एका होकाराबरोबर पेन्शन, मेडिक्लेम, बँकेतल्या ठेवी आणि इन्कम टॅक्स यांची सगळी घडी बदलते. म्हणून दोन्ही वाटा शेजारी-शेजारी ठेवून बघितलेल्या बऱ्या. माझ्या मते या निर्णयात व्हिसाचा विचार सर्वांत शेवटी यावा. मोठं आजारपण आलं तर ते कुठे काढायचं, हे आई-वडिलांनी आणि मुलांनी मिळून आधी ठरवावं. बाकीची बरीचशी उत्तरं त्यातून आपोआप निघतात.

कोणाला काय मिळू शकतं

पर्यटक व्हिसाला, म्हणजे बी-२ ला, मुलांचं स्टेटस आड येत नाही. मुलगा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असला तरी तुम्ही जाऊ शकता. भारतीयांना हा व्हिसा साधारणपणे १० वर्षांचा मिळतो, पण एका खेपेला किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. आय-९४ नावाच्या नोंदीत ती तारीख असते, बहुधा सहा महिन्यांची. ही नोंद ऑनलाइन दिसते. उतरल्यावर पहिल्याच दिवशी मुलांकडून ती काढून घ्या. त्या तारखेनंतर १८० दिवसांहून जास्त राहून परतलात तर ३ वर्षं आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलात तर १० वर्षं प्रवेशबंदी लागते. मुदतवाढीसाठी आय-५३९ हा अर्ज आहे, पण तो खरोखरच्या अडचणीसाठी राखून ठेवावा.

ग्रीन कार्डासाठी, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्यासाठी, अर्ज करणारं अपत्य अमेरिकेचं नागरिक आणि किमान २१ वर्षांचं हवं. त्याच्याकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही. नागरिकांच्या आई-वडिलांना वार्षिक कोटा नसल्याने भावंडांच्या अर्जांसारखी वर्षानुवर्षांची रांग नाही. मात्र आईसाठी एक आणि वडिलांसाठी एक असे आय-१३० नावाचे वेगळे अर्ज भरावे लागतात. सुनेला सासू-सासऱ्यांसाठी किंवा जावयाला त्याच्या सासू-सासऱ्यांसाठी अर्ज करता येत नाही. तुमच्यावर अवलंबून असलेलं दुसरं अपत्यही या अर्जात मागोमाग येत नाही. ज्या घरात एखादं मूल आजारी किंवा दिव्यांग आहे, तिथे एवढी एकच गोष्ट निर्णय फिरवू शकते.

अर्ज करणाऱ्या मुलाला आय-८६४ या हमीपत्रावर सही करावी लागते. त्यात आई-वडिलांचा भार उचलण्याची कायदेशीर जबाबदारी असते, आणि ते नागरिक होईपर्यंत, त्यांच्या नावे कामाच्या ४० तिमाह्या जमेपर्यंत किंवा ते देश कायमचा सोडेपर्यंत ती संपत नाही. सुनेने किंवा जावयानेही हे समजून घेतलेलं बरं.

आणखी एक बाब फारशी कोणी सांगत नाही. आय-१३० भरला की "मला तिथे कायमचं राहायचंय" हे तुम्ही लेखी कळवलेलं असतं. त्यानंतर बी-२ चं नूतनीकरण किंवा त्या व्हिसावरचा प्रवेश अवघड होऊ शकतो. "अर्ज तर टाकून ठेवू, जायचं की नाही ते नंतर बघू" हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही.

(मुलं कॅनडात असतील तर मधला मार्ग आहे. तिथल्या सुपर व्हिसावर आई-वडिलांना एका खेपेला ५ वर्षांपर्यंत राहता येतं. अट अशी की किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचं वर्षभराचं आरोग्यविमा संरक्षण हवं. अमेरिकेत असा व्हिसा नाही.)

कागदपत्रं

बी-२ ला फॉर्म, फी आणि मुलाखत. वय ७९ च्या वर असलं की पूर्वी मुलाखतीतून सूट मिळायची, ती सप्टेंबर २०२५ पासून बंद झाली. जुना व्हिसा संपून वर्ष उलटायच्या आत नूतनीकरण केलं तर मुलाखत टळू शकते, म्हणून ती तारीख लिहून ठेवा.

ग्रीन कार्डाचा गुंता मुख्यतः जन्मदाखल्याचा आणि नावांचा असतो. १९५० च्या आसपास खेड्यात जन्मलेल्या अनेकांची नोंदच नाही. मग ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडून "नोंद आढळत नाही" असा दाखला, त्याला जोडून शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं लागतात. आईचं प्रकरण त्याहून नाजूक. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नात बदललेलं पहिलं नाव पासपोर्टवर, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर घरातलं तिसरंच नाव. मुलाच्या दाखल्यावरची आई आणि पासपोर्टवरची बाई एकच, हे कागदाने सिद्ध करावं लागतं. राजपत्रातली नोंद, लग्नाचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र यांची तयारी आय-१३० भरण्याच्या आधीच सुरू करा. पुढे पोलिसांचा दाखला, छातीच्या एक्स-रेसह वैद्यकीय तपासणी आणि मुंबईत बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत. तोवर कागद पक्के असतील तर आईला काउंटरपुढे उभं राहून स्वतःचंच नाव समजावत बसावं लागत नाही.

आजारपण: खरा निकाल इथे लागतो

बी-२ वर जाणाऱ्यांचा आधार म्हणजे व्हिजिटर इन्शुरन्स. त्यात दोन जाती आहेत. एकीत प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते, म्हणजे खोलीचे इतके, शस्त्रक्रियेचे इतके. हप्ता कमी असतो, पण अमेरिकेतल्या बिलापुढे ती रक्कम फार तोकडी पडते. दुसरी सर्वसमावेशक. तिच्यात डिडक्टिबल, म्हणजे आधी आपण भरायची ठरावीक रक्कम, भरल्यावर उरलेल्या बिलाचा मोठा हिस्सा ठरलेल्या मर्यादेपर्यंत विमा कंपनी उचलते. शक्य असेल तर दुसरीच घ्या. दोन्हींत आधीपासूनचे आजार, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास, बहुधा वगळलेले असतात. काही पॉलिसी अशा आजाराचा अचानक उद्भवलेला झटका तेवढा धरतात. त्यालाही वयाची आणि रकमेची मर्यादा असते, आणि सत्तरीनंतर, विशेषतः ऐंशीनंतर, संरक्षण खूप आक्रसतं. हे कलम घरी बसून, चष्मा लावून, मुलांबरोबर वाचा.

१९८६ च्या कायद्यानुसार तिथल्या रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागाला पैसे आहेत की नाहीत हे न बघता रुग्णाला तपासून स्थिर करावंच लागतं. बिल मात्र नंतर येतंच. म्हणून छातीत दुखत असेल तर खर्चाच्या भीतीने घरी थांबू नका. नेहमीची औषधं साधारण तीन महिन्यांची, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. त्याहून लांब मुक्काम असेल तर पुढची सोय काय, हे निघण्यापूर्वीच ठरवा.

ग्रीन कार्ड मिळालं की मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, मिळेल ही समजूत मी फार ऐकतो, आणि ती नुकसान करते. मेडिकेअरला वय ६५ तर हवंच, शिवाय कायम रहिवासी म्हणून सलग ५ वर्षं अमेरिकेत राहिलेलं असावं लागतं. मध्ये लांबलचक भारतवाऱ्या झाल्या तर "सलग" या शब्दावर गाडी अडू शकते. ५ वर्षांनंतरही ते फुकट नाही. तिथे ४० तिमाह्या काम केलेल्यांना पार्ट ए, म्हणजे रुग्णालयात भरती होण्याच्या खर्चाचा भाग, विनामूल्य मिळतो. आपण काम केलेलं नसल्याने तो विकत घ्यायचा. २०२६ साठी त्याचा पूर्ण हप्ता दरमहा ५६५ डॉलर आणि पार्ट बी चा, म्हणजे डॉक्टर आणि बाह्यरुग्ण उपचारांच्या भागाचा, मूळ हप्ता २०२.९० डॉलर आहे. दोघांचे मिळून महिन्याला दीड हजार डॉलरच्या वर, म्हणजे सव्वा लाख रुपयांहून जास्त. पार्ट बी मध्ये २० टक्के खर्च तरीही आपल्याकडे राहतो. दात, चष्मा, श्रवणयंत्र आणि दीर्घकाळची शुश्रूषा हे बहुतेक बाहेरच. नावनोंदणीची पहिली मुदत चुकली तर हप्त्यावर दंड चढतो. भारतात घेतलेल्या उपचारांना मेडिकेअर चालत नाही.

पहिल्या ५ वर्षांचं काय? मुलाच्या कंपनीच्या विम्यात आई-वडील सहसा बसत नाहीत. मेडिकेडलाही, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्यालाही, बहुतेकांना ५ वर्षांची आडकाठी आहे. उरतो तो मार्केटप्लेसवरचा, म्हणजे सरकारी विमा-बाजारातून घ्यायचा खासगी विमा. आधीचे आजार आहेत म्हणून तो नाकारता येत नाही, आणि व्हिजिटर इन्शुरन्सपेक्षा तो इथेच कितीतरी सरस ठरतो. पण त्या वयाला हप्ता तरुणाच्या तिपटीपर्यंत असू शकतो. अत्यल्प उत्पन्नाच्या नव्या ग्रीन कार्डधारकांना त्यावर जी सवलत मिळायची, तीही २०२६ पासून बंद झाली. हा खर्च मुलाला झेपेल का, हे आकडे मांडून बघा. मुलगा स्वतःहून सांगणार नाही.

भारतातला मेडिक्लेम दोन्ही वाटांवर चालू ठेवा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. एकदा तो तुटला तर सत्तरीत नव्याने घेताना आधीच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाल्याने ओझंही थोडं हलकं झालंय.

पेन्शन, ठेवी आणि कर

पेन्शन दोन्ही वाटांवर चालू राहते. लागतो तो हयातीचा दाखला. राज्य सरकारच्या पेन्शनरांनी नोव्हेंबरमध्ये बँकेत जाऊन यादीवर सही करायची असते. बी-२ वर एप्रिलच्या सुमारास जाऊन दिवाळीच्या आत परतणाऱ्यांना हे सहज जमतं, थंडीही टळते. जे तिथेच असतील त्यांना भारतीय वकिलातीतून दाखला घेता येतो. ईपीएफओची पेन्शन असेल तर नोव्हेंबरची सक्ती नाही. दाखला दिल्यापासून १२ महिने चालतो.

ठेवींचं मात्र तसं नाही. मुलांकडे पाहुणे म्हणून जाणारा भारताचा निवासीच राहतो. ज्येष्ठांचे जादा व्याजदर, पोस्टातली बचत योजना, टीडीएस कापू नये म्हणून द्यायचा अर्ज, सगळं पूर्ववत. कायमच्या वास्तव्यासाठी गेलात की बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करावं लागतं, त्यावरच्या व्याजातून सेससह ३१.२ टक्के कर कापला जातो, आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवीन खातं उघडता येत नाही. कापलेला जास्तीचा कर विवरणपत्र भरून परत मागता येतो, पण ते दरवर्षी कोण करणार हे ठरलेलं हवं.

ग्रीन कार्डधारकाचं जगभरचं उत्पन्न अमेरिकेच्या कर विवरणात दाखवावं लागतं. ठाण्याच्या फ्लॅटचं भाडं, पीपीएफचं व्याजसुद्धा. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १० हजार डॉलरच्या वर गेली तरी एफबार ही परदेशी खात्यांची नोंद अमेरिकेत भरायची असते. निवृत्तीच्या रकमा मुदत ठेवीत ठेवलेलं कुठलंही मध्यमवर्गीय जोडपं यात येतं. भारतीय म्युच्युअल फंडांना तर वेगळे, जाचक नियम लागतात. फंडांत मोठी रक्कम असेल तर ग्रीन कार्डावर अमेरिकेत पाऊल ठेवण्याआधीच दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या सीएला भेटा.

बी-२ वाल्यांनीही गाफील राहू नये. या वर्षीचे सगळे दिवस, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षीचे एक षष्ठांश यांची बेरीज १८३ झाली की पर्यटकही करापुरता तिथला रहिवासी धरला जाऊ शकतो. दरवर्षी १२० दिवस राहिलात तर बेरीज १८० होते. दरवर्षी सहा महिने राहिलात तर ती मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. त्या वर्षातला मुक्काम १८३ दिवसांहून कमी असेल आणि घरदार, बँक, कुटुंब भारतात असेल तर ८८४० हा फॉर्म भरून सुटका होते. तो वेळेत भरावा लागतो.

मग कोणी काय करावं

दोघंही आहेत, तब्येत ठीक आहे, इथे घर आणि माणसं आहेत: बी-२. दरवर्षी चार महिने, फार तर एक वर्षाआड सहा. नातवंडांचा सहवास मिळतो आणि इथली घडी मोडत नाही.

साठीच्या आसपास आहात आणि तिथेच राहायचं मनापासून ठरलंय: मग ग्रीन कार्डाला उशीर करू नका. साठाव्या वर्षी गेलात तर पासष्टीला ५ वर्षं पूर्ण होतात. बहात्तराव्या वर्षी गेलात तर सत्त्याहत्तरीपर्यंत महागड्या विम्यावर काढायचे.

जोडीदार गेला आहे, इथे सोबतीला कोणी नाही आणि मुलगी "माझ्याकडे ये" म्हणतेय: इथे मी ग्रीन कार्डाच्या बाजूने आहे, खर्च धरूनही. सहा-सहा महिन्यांच्या खेपा एकट्या माणसाला झेपत नाहीत. अशा वेळी इथलं घर लगेच विकू मात्र नका. निघण्यापूर्वी विश्वासातल्या माणसाच्या नावे नोंदणीकृत मुखत्यारपत्र करा, आणि खाती, लॉकर, सोसायटीतलं नामनिर्देशन तपासून घ्या.

ग्रीन कार्ड घेऊन पुण्यातच राहायचं आणि कार्ड "जिवंत" ठेवायला वर्षातून एकदा जाऊन यायचं, हा प्रकार मात्र टाळाच. ते कार्ड तिथे राहणाऱ्यासाठी आहे. एक वर्ष किंवा जास्त बाहेर राहायचं तर री-एंट्री परमिट, म्हणजे परत प्रवेशाचा परवाना, लागतं, आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. वर्षाच्या आत परतलात तरी खरं वास्तव्य कुठे आहे असा प्रश्न विमानतळावर येऊ शकतो. तिथे कोणी आय-४०७ पुढे केला तर घाईने सही करू नका. ते कार्ड स्वेच्छेने सोडल्याचं पत्र असतं, आणि सही न करता इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बाजू मांडायचा तुम्हाला हक्क आहे. जाऊन बघितलं, मन रमलं नाही, असं झालं तर हाच फॉर्म शांतपणे, स्वतःहून भरून कार्ड परत करता येतं आणि पुन्हा बी-२ साठी अर्ज करता येतो.