पांढरी नंबरप्लेट बघून मी स्कूटर घेतली

गेल्या वर्षी गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर मला नोकरी लागली. ड्यूटी पहाटे पाचची. पेडण्यातल्या आमच्या वाड्यावरून त्या वेळी बस मिळत नाही, म्हणून पहिले काही आठवडे बाबा मला सोडायला यायचे आणि तसेच परत येऊन कामाला जायचे. त्यांचे डोळे लाल झालेले बघवत नव्हते. लर्निंग लायसन्स काढलं, मामेभावाच्या स्कूटरवर शाळेच्या मैदानात शिकले, महिन्याभरानंतर पक्कं लायसन्सही हातात आलं. भाऊ मोटरसायकल घे म्हणत होता, पण माझी उंची पाच फूट. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकत नसतील तर नवख्या माणसाला चढावर गाडी सावरत नाही. स्कूटर घ्यायचं ठरलं. नवी परवडणार नव्हती, म्हणून जुनी.

म्हापशाच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात एक राखाडी स्कूटर दिसली. नोव्हेंबर 2020 ची, मीटरवर 8,400 किलोमीटर, किंमत 48,000. दुकानदार फार गोड बोलायचा. "बाय, गाडी एकदम बरी आसा, एका म्हाताऱ्या काकांची, घरातच उभी होती." मी पोचले तेव्हा त्याने ती आधीच चालू करून ठेवली होती. इंजिन गरम असलं की गाडी एका बटणात सुरू होते, थंड असताना ती कशी कुरकुरते ते कळतच नाही. हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पुढचं चाक डावीकडे ओढतंय हेही जाणवलं, पण मला वाटलं मलाच हँडल सरळ धरता येत नाही. ज्याने आयुष्यात एकच गाडी चालवली आहे त्याला गाडीचा दोष आणि स्वतःचा दोष वेगळा कळत नाही, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. बाबांना बरोबर न्यायला हवं होतं. ते ड्यूटीवर होते आणि दुकानदार म्हणाला, संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे.

आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, मागितलं तर म्हणाला, कार्ड आरटीओत आहे, फोटो पाठवतो. फोटोत मालकाचं नाव, नंबर, चेसिस नंबर, तारीख सगळं होतं. खालचा भाग कापलेला होता, तिकडे माझं लक्षच गेलं नाही. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर मालकाच्या सह्या दाखवल्या, बाकीचे रकाने कोरे. "पंधरा दिवसांत तुझ्या नावावर." मी 48,000 रुपये दिले, त्यातले 30,000 आईच्या भिशीचे होते. पावतीवर फक्त आकडा आणि शिक्का. आता आठवलं की हात थरथरतो.

चार महिने गाडी चालवली. नावावर कधी होणार म्हणून फोन केला की आज साहेब नाहीत, उद्या सर्व्हर बंद, पुढच्या आठवड्यात नक्की. मध्ये एकदा गाडी उताराला बंद पडली. आमच्या गावच्या मेकॅनिकने बघितलं आणि विचारलं, "ही रेंटची होती काय गं?" मी म्हटलं, नाही, एका काकांची. तो काही बोलला नाही. मागच्या टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, ते त्याने दाखवले: 1422. म्हणजे 2022 च्या चौदाव्या आठवड्यात बनलेला टायर. 8,400 किलोमीटर चाललेल्या गाडीचा मागचा टायर दीड वर्षात कशाला बदलावा लागेल? मग त्याने डिकीतला नवा रबरी मॅट उचलला. खाली कोपऱ्यात बारीक पांढरी वाळू घट्ट बसलेली होती, किनाऱ्यावरची. आणि आतल्या बाजूला अर्धा खरवडलेला स्टिकर, त्यावर "हेल्मेट" आणि "पर डे" एवढंच वाचता येत होतं.

तरीही मी मनाला समजावलं. नंबरप्लेट तर पांढरी आहे ना. गोव्यात लहान पोरालाही कळतं की भाड्याच्या गाडीला काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असतात.

दोन दिवसांनी धारगळला ट्रॅफिक पोलिसांनी अडवलं. कागद मागितले, मी फोटो दाखवला. हवालदाराने नंबर मोबाइलवर टाकला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरला. वाहनाचा वर्ग: मोटरसायकल/स्कूटर, यूज्ड फॉर हायर, म्हणजे भाड्याची. त्याखाली बँकेच्या कर्जाचा बोजा. फिटनेस प्रमाणपत्र संपलेलं, विमा संपलेला. माझ्या फोटोतून कापलेली ओळ हीच होती.

मग त्याने वाकून नंबरप्लेट दाखवली. 1 एप्रिल 2019 नंतरच्या प्रत्येक नव्या गाडीला सरकारी हाय सिक्युरिटी प्लेट असते: डाव्या बाजूला वर चक्राचा चकचकीत होलोग्राम, खाली निळ्यात आयएनडी, आणि एकदा बसवली की मोडल्याशिवाय न निघणारं लॉक. माझ्या प्लेटवर होलोग्राम नव्हता आणि ती दोन साध्या स्क्रूंनी बसवलेली होती. हे मी रोज पुसत होते.

विम्याशिवाय मी रोज पहाटे अंधारात महामार्गावरून जात होते. कुणाला धडक बसली असती तर? कागदावर मालक ते काका. त्यांना शोधून गेले तेव्हा तेही घाबरले. भाड्याचा धंदा बंद करून त्यांनी गाडी दुकानदाराला दिली होती. परमिट रद्द करणं, कर्जाचा बोजा उतरवणं, सगळं मी करतो म्हणून त्याने सह्या घेतल्या होत्या. गाडी विकली की विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. आम्ही दोघंही तिसऱ्याच्या शब्दावर बसलो होतो.

रेंटची गाडी घेणं हा गुन्हा नाही. गोव्यात अशा गाड्या दरवर्षी विकायला निघतात आणि रीतसर खासगी करून घेतलेली गाडी चालतेही. पण ती किती हातांतून गेली आणि किती वेळा आपटली, ते कळल्यावर तिची किंमत 48,000 होत नाही. माझ्या गाडीचा पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दांडा, वाकलेला निघाला. चूक माझ्या हँडल धरण्यात नव्हती.

म्हणून पहिली गाडी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगते. पैसे काढण्याआधी तिथेच उभं राहून एमपरिवाहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाका आणि वर्ग, बोजा, विमा, फिटनेस स्वतः वाचा. बोजा दिसला तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. ज्याचं नाव आरसीवर आहे त्या माणसाला भेटा. दुकानदाराकडे आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र मागा, 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्या विकणाऱ्याला ते लागतं. आणि दहा वर्षं गाडी चालवलेलं कुणीतरी बरोबर न्या, इंजिन थंड असताना.

मी पोलिसांत तक्रार दिली आहे. दुकान तिथेच आहे, पण दुकानदार फोन उचलत नाही. गाडी आमच्या फणसाखाली ताडपत्री घालून उभी आहे आणि बाबा परत पहाटे मला सोडायला येतात. काका सोमवारी माझ्याबरोबर म्हापशाच्या आरटीओत यायला तयार झालेत. बँकेचा कागद त्यांनी काल आणला.