भरपाईवर भरपाई: स्टोन टाउनमधील एक संध्याकाळ

टांझानियातील झांझिबार बेटावरच्या स्टोन टाउनमध्ये एकाच संध्याकाळी आमची चार वेळा फसवणूक झाली आणि त्यात सुमारे १३० डॉलर, म्हणजे अकरा हजार रुपयांच्या आसपास रक्कम गेली. रक्कम फार मोठी नाही, परंतु ती ज्या पद्धतीने गेली ती पद्धत तेथे जाणाऱ्यांना आधीच ठाऊक असावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. पहिली फसवणूक सोडल्यास पुढील प्रत्येक फसवणूक ही आधीच्या नुकसानाची भरपाई म्हणून आमच्यासमोर आली, आणि आम्ही ती आभार मानून स्वीकारली.

आदल्या दुपारी जुन्या किल्ल्याजवळ एका तरुणाने आम्हाला गाठले. मला तो ‘काका’ म्हणाला आणि माझ्या पत्नीला ‘दादा’. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण, हे त्यानेच समजावून सांगितले. पुण्याच्या दोन माणसांना यावर हसू येणारच. आम्ही हसलो, आणि खरे सांगायचे तर व्यवहार तेथेच ठरला. अशा दलालांना तेथील लोक ‘पपासी’ म्हणतात, आणि पपासी म्हणजे गोचीड, हे आम्हाला दोन दिवस उशिरा समजले. त्याने गळ्यातील ओळखपत्र झटकन दाखवून पुन्हा सदऱ्यात सरकवले. परवानाधारक वाटाड्यांना झांझिबारच्या पर्यटन आयोगाचे ओळखपत्र असते, परंतु ते हातात घेऊन वाचण्याचा संकोच वाटला तर ते असून नसल्यासारखेच.

सूर्यास्ताच्या वेळी ढोमधून, म्हणजे तेथील शिडाच्या होडीतून, दोन तासांची सफर, माणशी २५ डॉलर, असे ठरले. पैसे त्याने आगाऊ घेतले आणि कागदावर दिनांक, ‘२ माणसे’ आणि ‘सा १०’ असे लिहून दिले. दहा कसले, असे विचारता तो म्हणाला, “ही आमची स्वाहिली वेळ आहे, तुम्ही पाचला या.” आम्ही पाचला दहा मिनिटे कमी असताना किनाऱ्यावर पोहोचलो, तेव्हा तेथे ढो नव्हती. नांगराच्या दोराजवळ बसलेल्या माणसाने कागद पाहून सांगितले की ती चार वाजताच गेली.

स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजले जाते. विषुववृत्ताजवळ दिवस-रात्र जवळजवळ सारखे असल्यामुळे सकाळी सातला एक, आठला दोन असा हिशेब चालतो, आणि त्याप्रमाणे दुपारच्या ‘सा कुमी’चा, म्हणजे दहाचा, अर्थ चार वाजता असा होतो. पाच वाजता बोलावायचे असते तर कागदावर अकरा हवे होते. हे सारे दुसऱ्या दिवशी जॉज कॉर्नरच्या कट्ट्यावर काळी कॉफी पीत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला बोटे मोजून शिकवले. म्हणजे तोंडी वेळ एक आणि लेखी वेळ दुसरी, अशी सोय त्या तरुणाने आधीच करून ठेवली होती. कागदावर कोणत्याही संस्थेचे नाव किंवा शिक्का नव्हता, त्यामुळे तो घेऊन जायचे तरी कोणाकडे? त्या सायंकाळी चार वाजता खरोखर एखादी ढो निघाली होती की नाही, याविषयीही मला आता शंका आहे.

तो तरुण मात्र पंधरा मिनिटांत हजर झाला. कपाळाला हात लावून हळहळला, चूक आपलीच असे म्हणाला, आणि भरपाई म्हणून फोरोधानी बागेत मित्राच्या टपरीवर ‘घरच्या भावात’ जेवण देऊ केले. फोरोधानी ही समुद्रालगतची बाग आहे. १८८३ साली सुलतान बर्गश याने बांधलेला आणि २०२० च्या नाताळात अर्धवट कोसळलेला ‘हाउस ऑफ वंडर्स’ तिच्या समोरच आहे. सूर्य मावळताच तेथे कंदिलांच्या उजेडात टपऱ्या मांडल्या जातात, मुले धक्क्यावरून समुद्रात उड्या मारतात, उसाचा रस निघतो, तव्यावर झांझिबार पिझ्झा भाजला जातो. ते दृश्य खरोखर सुंदर आहे, आणि त्या बागेची निंदा करण्याचा माझा हेतू नाही.

टपरीवाल्याने माशांचे तुकडे ओवलेल्या काड्यांकडे बोट दाखवून “पाच” एवढेच म्हटले. आम्ही त्याचा अर्थ पाच हजार शिलिंग असा घेतला आणि आठ काड्या निवडल्या. थाळीत एक शेवंडही आले, ते आम्ही मागितले नव्हते. खाऊन झाल्यावर ‘हेसाबू’ आला. शब्द आपल्या हिशेबाच्याच घराण्यातला, पण हिशेब डॉलरमध्ये होता: काडीमागे पाच डॉलर, शेवंडाचे पंधरा, एकूण ५५. त्या वेळी डॉलरला साधारण २,५०० शिलिंग मिळत होते, म्हणजे आम्ही धरलेल्या ४०,००० शिलिंगांऐवजी १,३७,५०० झाले. बराच वाद घालून १,००,००० वर तडजोड झाली. माशाला वास येत होता, हे आम्ही वादात म्हणालोसुद्धा नाही, कारण तोवर तो पोटात गेला होता. तेथे भाव विचारताना आकड्यासोबत चलनही वदवून घ्यावे, आणि पदार्थ चुलीवर चढण्यापूर्वी एकूण रक्कम कागदावर लिहून घ्यावी.

वाद चालू असताना आमचा तरुण टपरीवाल्यावर आमच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होता. यामुळेच तो आमच्या बाजूचा आहे असे वाटले, आणि त्याने दुसरी भरपाई सुचवली तेव्हा मी मोहात पडलो, कारण ती ताराबची, म्हणजे तेथील पारंपरिक संगीताची, होती. सिती बिंती साद ही झांझिबारची गायिका १९२८ साली मुंबईला येऊन ताराबच्या ध्वनिमुद्रिका करून गेली होती, हे वाचल्यापासून ते संगीत त्याच्या गावातच ऐकावे अशी माझी इच्छा होती. माझ्या या इच्छेविषयी मी आदल्या दिवशीच त्याच्याकडे भरभरून बोललो होतो. आपल्याला काय हवे आहे हे अनोळखी माणसाला इतक्या तपशिलाने सांगू नये, ही गोष्ट मला साठीत शिकावी लागली. माणशी दहा डॉलर देऊन आम्ही एका गच्चीवर गेलो. ऊद, कानून ही तंतुवाद्ये नाहीत, व्हायोलिन नाही. एक मुलगा कीबोर्डवर हॉटेलांत पर्यटकांना ऐकवतात ती गाणी वाजवत होता. अर्ध्या तासाने पत्नी म्हणाली, “अहो, उठा आता.” ज्यांना खरोखर ताराब ऐकायचे असेल त्यांनी ढो कंट्रीज म्युझिक अकादमीत जाऊन स्वतः चौकशी करावी, तेथे हे संगीत शिकवले जाते.

परतीच्या टॅक्सीविषयी थोडक्यात सांगतो. तेथील टॅक्सींना मीटर नसतो. “दहा डॉलर” असे ठरले आणि हॉटेलच्या दारात ते माणशी दहा निघाले. गाडी अर्थातच त्याच्याच मित्राची होती.

निघण्याच्या दिवशी सकाळी बंदराच्या फाटकाशी तो पुन्हा भेटला. जराही न ओशाळता म्हणाला, “काका, त्या दिवशी माझेही नुकसान झाले. आज प्रिझन आयलंडला चला, मोठी कासवे दाखवतो, पन्नासऐवजी चाळीस डॉलर. दहा वाजता निघू.”

पत्नीने विचारले, “कोणते दहा?”

तो मनापासून हसला, आणि फेरीबोटीतून उतरणाऱ्या एका जोडप्याकडे ‘काका, दादा’ करीत निघून गेला.