पोटात बाळ असताना कंडोम: कोणता घ्यावा, कोणता टाळावा

कंडोमची परीक्षणं वाचली तर त्यांत जाडी, वास आणि "घातल्यासारखं वाटतच नाही" एवढ्याच गोष्टी सापडतात. दिवस गेलेले असताना हे निकष फारसे कामाचे नाहीत. गर्भ राहायची भीती नसते म्हणून बहुतेक जोडपी या काळात कंडोम सोडून देतात. जोडीदार एकच असेल आणि दोघांच्या तपासण्या स्वच्छ असतील तर त्यात काही चूकही नाही. हे परीक्षण बाकीच्यांसाठी आहे: जोडीदार नवा आहे, एकाहून जास्त आहेत, ओळख एका रात्रीपुरती आहे, किंवा नवऱ्याचे बाहेर संबंध असल्याची शंका आहे. इथे कंडोमकडे संतती रोखायचं साधन म्हणून पाहायचं नाही. एकाच वेळी दोन जिवांना संसर्गापासून वाचवणारा पडदा म्हणून तो किती टिकतो, एवढंच तपासायचं आहे.

धोका नेमका कुठे आहे ते आधी पाहू, कारण निवड त्यावरूनच ठरते. सिफिलिस, म्हणजे गरमी, वारेतून थेट बाळापर्यंत पोचते. उपचार झाले नाहीत तर बाळ पोटातच दगावू शकतं किंवा जन्मतःच रोग घेऊन येतं. पहिला व्रण दुखत नाही, योनीच्या आत असला तर दिसतही नाही आणि आपोआप भरून येतो, त्यामुळे "मला काही झालंच नव्हतं" असं बाई अगदी खरेपणाने सांगते. क्लॅमिडिया आणि परमा (गोनोरिया) या जिवाणूंच्या संसर्गांची बऱ्याच बायकांना काहीच लक्षणं नसतात. प्रसूतीच्या वेळी मात्र ते बाळाच्या डोळ्यांत जातात. परम्याने डोळे साधारण २ ते ५ दिवसांत येतात, क्लॅमिडियाने ५ ते १२ दिवसांत, आणि क्लॅमिडियाचा न्यूमोनिया १ ते ३ महिन्यांनी उमटतो. कावीळ ब (हिपॅटायटिस बी) जन्माच्या वेळी लागली तर १० पैकी जवळपास ९ बाळांत ती कायमची राहते. एचआयव्हीचं गणित आणखी वेगळं आहे. गरोदरपणातच नव्याने लागण झाली तर त्या आठवड्यांत रक्तातला विषाणू फार वाढलेला असतो आणि बाळाला लागण होण्याची शक्यताही तेव्हाच जास्त असते. अशा वेळी सुरुवातीच्या महिन्यांतला "निगेटिव्ह" रिपोर्ट फाइलमध्ये तसाच पडून असतो आणि सगळे त्याच्यावर विसंबून राहतात.

आता वस्तू.

साधा, वंगण लावलेला, बिनवासाचा लेटेक्स कंडोम ही आमची पहिली पसंती. पाकिटावर आयएसओ ४०७४ हे मानक लिहिलेलं हवं. त्याच्या चाचणीत कंडोममध्ये ३०० मिलिलिटर पाणी भरून गळती पाहतात आणि मधल्या मापाचा कंडोम हवा भरून किमान १८ लिटरपर्यंत फुगवतात. म्हणजे फाटण्याचं खापर मालावर फोडण्याआधी वापर तपासावा. वर्षभराच्या नेहमीच्या वापरात १०० पैकी सुमारे १३ जोडप्यांना गर्भ राहतो, काटेकोर वापरात २. हे आकडे गर्भधारणेचे आहेत, पण या दोन आकड्यांतला फरक हातांच्या चुकांचा आहे आणि त्याच चुकांतून जंतूही जातात.

सगळ्यात नेहमीची चूक अशी. कंडोम उलटा धरला जातो, उलगडत नाही, मग तोच फिरवून घातला जातो. टोकावर लागलेला द्रव आता बाहेरच्या बाजूला आला. गर्भनिरोधक म्हणून हे जेवढं वाईट, संसर्गाच्या दृष्टीने त्याहून वाईट, कारण गरोदरपणात योनी आणि गर्भाशयमुखाकडे रक्तपुरवठा वाढलेला असतो आणि तिथला नाजूक थर जराशा घर्षणानेही सोलवटतो. उलटा लागलेला कंडोम टाकून द्यावा. टोक चिमटीत धरून हवा काढायची, मुळापर्यंत उलगडायचा, आणि बाहेर येताना ताठरता असतानाच कडा धरून ठेवायची. एकावर एक दोन घालू नयेत. घर्षणाने दोन्ही जातात.

लेटेक्सचा खरा शत्रू गरोदर बाईच्या कपाटातच असतो, आणि पाकिटावरच्या बारीक अक्षरांकडे कुणी पाहत नाही. या काळात बुरशीचा संसर्ग, म्हणजे खाज आणि दह्यासारखं पांढरं जाणं, फार वेळा होतं. पोटात घ्यायची फ्लुकोनॅझोलची गोळी टाळतात, म्हणून डॉक्टर क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोलचं योनीत लावायचं औषध ७ दिवस देतात. यातली बरीच मलमं आणि योनीत ठेवायच्या गोळ्या तेलाच्या आधारावर बनवलेल्या असतात. त्या लेटेक्स कमजोर करतात. उपचार चालू असताना आणि नंतरचे काही दिवस संबंध टाळा किंवा लेटेक्स सोडून दुसरा कंडोम घ्या. स्ट्रेच मार्क्ससाठी पोटा-मांड्यांना लावलेलं तेल, बेबी ऑइल, पेट्रोलियम जेली, खोबरेल यांचंही तेच. हाताला राहिलेलं तेलही पुरतं. लेटेक्सची ताकद तेलाने मिनिटांत खाली येते, पण वरून पाहून काहीच कळत नाही.

लेटेक्सची ॲलर्जी असेल, किंवा ही मलमं चालू असतील, तर सिंथेटिक कंडोम घ्यावा. मात्र नाव वाचून. पॉलिआयसोप्रीन मऊ असतो, ताणला जातो, ॲलर्जी करत नाही, पण तेलापुढे तोही लेटेक्सइतकाच हतबल. पॉलियुरेथेनला तेल चालतं, पण तो कमी ताणतो, त्यामुळे सैल बसला तर निसटतो आणि फाटण्याचं प्रमाणही लेटेक्सपेक्षा जास्त. मलमाच्या आठवड्यात त्यातल्या त्यात तोच. मेंढीच्या आतड्यापासून बनवलेला "नैसर्गिक" कंडोम मात्र या कामासाठी शून्य गुणांचा: त्याच्या छिद्रांतून शुक्रजंतू जात नाहीत, विषाणू जातात.

बायकांचा कंडोम, म्हणजे योनीत बसवायचा नायट्राइलचा, आमच्या मते या काळासाठी जेवढा उपयोगी तेवढाच दुर्लक्षित. तेल आणि मलम दोन्ही चालतात. बाहेरची कडी योनीच्या ओठांचा थोडा भाग झाकते. आणि जोडीदाराच्या मर्जीवर अवलंबून राहावं लागत नाही, तो आधीच बसवून ठेवता येतो. आतली कडी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दाबायची, बोटाने जाईल तितकी आत सरकवायची आणि बाहेरची कडी साधारण अडीच सेंटिमीटर बाहेर ठेवायची. पिळा पडला नाही ना, ते बोट घालून पाहायचं. काढताना आधी बाहेरच्या कडीला पीळ द्यायचा, मग ओढायचं. त्याची ठरलेली चूक म्हणजे लिंग पिशवीत न जाता तिच्या बाजूने जाणं. म्हणून शिरताना हाताने दिशा द्यावीच लागते. शेवटच्या दोन महिन्यांत पोटामुळे हात पोचत नाही. एक पाय खुर्चीवर ठेवून, नाहीतर कुशीवर झोपून बसवणं सोपं जातं. बाळाचं डोकं खाली उतरलं की आतली कडी टोचते; तशी टोचली तर बळजबरी करू नये, पुरुषाचा कंडोम वापरावा. दोन्ही एकदम मात्र नकोत.

शुक्रजंतूनाशक लावलेले, म्हणजे नॉनॉक्सिनॉल-९ असलेले कंडोम सरळ बाजूला ठेवा. गर्भ राहिलेलाच आहे, त्याचा फायदा नाही. वारंवार वापरात ते रसायन योनीचा आणि गुदद्वाराचा थर सोलवटतं आणि एचआयव्हीचा धोका वाढवतं. "जास्त वेळ टिकण्यासाठी" बेन्झोकेन लावलेलेही नकोत: बधिरपणात कंडोम फाटला, सरकला, कळत नाही. स्वादाचे कंडोम मुखमैथुनासाठी ठीक. त्यात साखर असली तर ती योनीत गेली की बुरशीला आमंत्रण.

वंगणाकडे थोडं जास्त लक्ष द्यावं लागतं. कुणाला या महिन्यांत अंगावरून भरपूर पांढरं जातं, तर कुणाला कोरडेपणा येतो. कोरडेपणात कंडोम फाटतो. पाण्याच्या आधाराचं वंगण घेताना दोन आकडे पाहा. सामू, म्हणजे पीएच, योनीसाठी ४.५ च्या आसपास. ऑस्मोलॅलिटी, म्हणजे द्रवात विरघळलेल्या कणांची दाटी, जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार शक्यतो ३८० च्या खाली, फार तर १२०० पर्यंत. त्याहून जास्त असलेलं वंगण पेशींतलं पाणी ओढून घेतं आणि थर सुटा होतो. बहुतेक बाटल्यांवर हा आकडा छापलेला नसतो, ही कंपन्यांची सोय. मग घटक वाचायचे: ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल यादीत अगदी वर असेल तर ती बाटली परत फडताळावर. "गरम वाटणारी" वंगणं नकोतच. सिलिकॉनच्या वंगणाला हा प्रश्न नाही, ते लेटेक्सला चालतं, लवकर वाळत नाही, फक्त धुवायला चिवट. घ्यायचं एकच असेल तर हेच घ्या.

मुखमैथुनासाठी योनीवर ठेवायचा पातळ चौकोनी पडदा, म्हणजे डेंटल डॅम, चांगला आहे, पण दुकानात सहसा मिळत नाही. कंडोमचं टोक आणि कडा कापून तो उभा चिरला की तसाच पडदा होतो. वंगण लावायचं ते योनीच्या बाजूला. वापरताना बाजू पालटू नये. पडदा असो वा नसो, गरोदर बाईच्या योनीत फुंकर मारून हवा कधीही भरू नये. ती हवा रक्तवाहिन्यांत शिरून मृत्यू होऊ शकतो. दुर्मीळ आहे, पण झालेलं आहे.

आता कंडोम कुठे कमी पडतो ते. हर्पीस आणि गरमीचे व्रण जांघेत, वृषणावर, गुदद्वाराजवळ असले तर कंडोम तिथवर पोचत नाही. (हर्पीस म्हणजे ओठांवर किंवा जननांगांवर फोड आणणारा विषाणूचा आजार, कमरेभोवती येणारी नागीण नव्हे. विषाणू एकाच कुळातले, पण आजार वेगळा.) हर्पीसची पहिलीच लागण शेवटच्या तिमाहीत झाली तर प्रसूतीत बाळाला लागण होण्याचा धोका ३० ते ५० टक्के सांगितला जातो. जुना हर्पीस असलेल्या बाईत तो १ टक्क्याहूनही कमी, कारण तिची प्रतिकारद्रव्यं बाळापर्यंत पोचलेली असतात. म्हणून ज्याला हर्पीस आहे किंवा असल्याची शंका आहे, अशा नव्या जोडीदाराशी शेवटच्या तीन महिन्यांत कंडोम लावूनही संबंध नकोत. ओठावर फोड आलेला असेल तर मुखमैथुनही नको. आणि वार खाली असेल, पाणी गेलेलं असेल, रक्त जात असेल, मुदतीआधी कळा आलेल्या असतील किंवा गर्भाशयमुख आखूड झालेलं असेल, तर प्रश्न संसर्गाचा राहतच नाही. तिथे कोणत्याही कंडोमने काम भागत नाही, संबंधच टाळावे लागतात.

फाटलाच तर आतून धुऊ नका, डूश (योनीत पाण्याचा फवारा मारणं) तर नकोच. बाहेरून साध्या पाण्याने धुवा. जोडीदाराला एचआयव्ही असल्याचं माहीत असेल किंवा तशी दाट शंका असेल तर ७२ तासांच्या आत औषधं सुरू व्हायला हवीत. ती २८ दिवस चालतात, गरोदरपणातही देता येतात, आणि पहिल्या काही तासांत सुरू केलेली सगळ्यात चांगली. कावीळ ब ची लस घेतलेली नसेल तर तीही त्याच भेटीत मागा. संबंधानंतर घ्यायची डॉक्सिसायक्लिनची गोळी कुणी सुचवली तर ती गरोदर बाईसाठी नाही. क्लॅमिडियालाही गरोदरपणात ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम एकदाच देतात आणि साधारण ४ आठवड्यांनी संसर्ग गेला का ते पुन्हा तपासतात. जोडीदाराचे उपचार झाले नाहीत तर संसर्ग परत येऊ शकतो.

घरी करायच्या तपासणी किटला आम्ही मधले गुण देतो. क्लॅमिडिया आणि परम्यासाठी स्वतः योनीतून घेतलेला बोळा प्रयोगशाळेत पाठवायची सोय असलेलं किट उत्तम आहे. नमुना डॉक्टरांनी घेतला काय किंवा स्वतः घेतला काय, अचूकता सारखीच. संबंधानंतर साधारण २ आठवडे थांबून घ्यावा. एचआयव्हीच्या बोटातल्या रक्ताच्या किंवा लाळेच्या किटवर निगेटिव्ह आलं म्हणून ९० दिवसांच्या आत निश्चिंत होऊ नये. शिरेतल्या रक्तावरची चौथ्या पिढीची (विषाणूचा अंश आणि प्रतिकारद्रव्यं दोन्ही शोधणारी) प्रयोगशाळेतली चाचणी ४५ दिवसांत पुरेसं सांगते. गरमीच्या झटपट पट्टीची अडचण वेगळी: एकदा झालेली आणि बरी झालेली गरमीही ती बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह दाखवते, म्हणून पुढे आरपीआर, म्हणजे गरमी सध्या चालू आहे का ते पाहायची रक्तचाचणी, लागतेच. आणि आरपीआर गरोदरपणात कधीकधी उगीच पॉझिटिव्ह येते. दोन्ही एकत्र वाचायच्या असतात.

नवा जोडीदार असेल तर पहिल्या भेटीतल्या तपासण्यांवर थांबू नका. २८ व्या आठवड्याच्या सुमारास आणि प्रसूतीच्या वेळी गरमी आणि एचआयव्ही पुन्हा तपासून मागा. गरमी निघाली तर गरोदरपणात पेनिसिलिन हाच उपचार: सुरुवातीच्या टप्प्यात बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट स्नायूत एकदा, जुनी किंवा केव्हाची ते कळत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर रुग्णालयात थोड्या थोड्या मात्रेने शरीराला पेनिसिलिनची सवय करून तेच देतात. उपचार प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी सुरू झालेला हवा. तेवढे दिवस उरले नसतील, किंवा शेवटच्या आठवड्यांत कंडोम फाटला असेल आणि चाचणीचा काळ भरायच्या आत कळा सुरू झाल्या, तर प्रसूतीगृहात दाखल होतानाच तारखेसकट सांगा. बाळाला पहिल्या काही तासांत काय द्यायचं ते त्यावर ठरतं.