घराखालची ड्रेनेज लाइन: 8 महिने वापरल्यावर

नॉर्थ कॅरोलायनात रॅलेजवळ नवीन घर बांधून घेतलं, त्याला 8 महिने झाले. घर जमिनीपासून तीनेक फूट उचललेलं आहे. खाली रांगत फिरता येईल एवढी पोकळी, म्हणजे क्रॉलस्पेस, आणि सांडपाण्याचे सगळे पीव्हीसी पाइप तिथे फरशी पेलणाऱ्या लाकडी तुळयांना, म्हणजे जॉइस्टांना, टांगलेले. आधीचं घर काँक्रीटच्या स्लॅबवर होतं. तिथे संडासाची लाइन तुंबली तेव्हा फरशी फोडावी लागली होती. म्हणून या वेळी क्रॉलस्पेसचा हट्ट मी धरला. तो योग्यच होता.

संडासाच्या 3 इंची लाइनबद्दल आजवर एकही तक्रार नाही.

त्रास दिला तो स्वयंपाकघराच्या 2 इंची लाइनने. चौथ्या महिन्यात सिंकचं पाणी रेंगाळायला लागलं, मग गुडगुड आवाज यायला लागला. छपरावरचा व्हेंट, म्हणजे पाइपांत हवा येऊ देणारी नळी, बंद झाला असेल असं आधी वाटलं, पण तो मोकळा होता. शेवटी टॉर्च आणि लेव्हल घेऊन खाली उतरलो. या पाइपाला फुटामागे पाव इंच उतार हवा. आमच्या 20 फुटांत एकूण 5 इंच. दोन्ही टोकं मोजली तर उतार बरोबर होता. मधेच मात्र पाइपाला झोळ पडला होता. पाइप टांगून धरणारे हँगर दर 4 फुटांवर हवेत, तिथे दोन हँगरमध्ये जवळजवळ 7 फूट अंतर सोडलेलं. भाताची गरम पेज, भांड्यांचं कढत पाणी यांनी पीव्हीसी मऊ पडतो आणि आधार नसेल तिथे खाली येतो. बोटाने टिचकी मारली तर तेवढ्याच भागाचा आवाज भरीव येत होता. आत फोडणीचं तेल थिजून बसलं होतं.

तपासणीत ही लाइन पास झाली होती, माझ्या डोळ्यांसमोर. पाइप पाण्याने भरून 15 मिनिटं ठेवले, थेंबभर गळलं नाही. पण त्या चाचणीत गळती कळते, झोळ कळत नाही. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर जॉइस्टांमध्ये इन्सुलेशन भरण्याआधी मीच टेप लावून हँगर मोजले असते. तुमचं काम चालू असेल तर एवढं नक्की करा.

पाइप उचलून दोन नवे हँगर ठोकले, आतून साफ करून घेतला. एका दुपारचं काम. त्यानंतर सिंक एकदाही अडलेलं नाही. घरात शिस्तही लागली: तळणीचं तेल डब्यात, कढई आधी कागदाने पुसायची.

पाहुण्यांच्या बाथरूममध्ये मधे वास येत होता. तिथला ट्रॅप, म्हणजे पाणी साठवून वास अडवणारा पाइपाचा वाकडा भाग, वापराअभावी सुकला होता. आता आठवड्याला तांब्याभर पाणी ओततो.

एक गोष्ट अजून खुपते. स्वयंपाकघराच्या लाइनचा क्लीनआउट, म्हणजे पाइप साफ करायचं झाकणाचं तोंड, घराच्या पायाच्या भिंतीकडे तोंड करून बसवलाय. झाकण उघडतं, पण साफसफाईची स्प्रिंग सरळ आत घालायला पुढे जागाच नाही. तो फिरवून घ्यायचं काम पावसाळी दिवस सरले की काढणार आहे.