दोन वारंवारतांचा नौका-जीपीएस : खोक्यावरचा आकडा आणि त्यामागचे गणित

मालवण ते रत्नागिरी या पट्ट्यातील लहान यांत्रिक नौकांवर अलीकडे एक नवे यंत्र दिसू लागले आहे. सात इंची पडदा, केबिनच्या टपावर बसवायची अँटेना, एल-१ आणि एल-५ अशा दोन्ही वारंवारतांवर उपग्रहांचे संकेत घेणारा रिसीव्हर, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘अचूकता २.५ मीटर’. अँटेना व केबल धरून आम्हाला ते २१,५०० रुपयांना पडले. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण आतली चिप बहुधा सारखीच असते आणि डबे मात्र निरनिराळ्या नावांनी विकले जातात. भाच्याच्या बोटीवर चढवण्यापूर्वी ते मी घराच्या गच्चीवर चालवून पाहिले. संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले असल्यामुळे यंत्राच्या पडद्यापेक्षा ते साठवत असलेल्या नोंदींतच मला अधिक रस होता.

पहिला प्रश्न अर्थातच त्या २.५ मीटरचा. यंत्र खऱ्या जागेपासून अडीच मीटरच्या आत असते, असा त्याचा अर्थ विक्रेताही सांगतो आणि घेणाराही समजतो. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत दिलेले आहे ते वेगळेच : निम्म्या नोंदी या त्रिज्येच्या वर्तुळात पडतात. म्हणजे उरलेल्या निम्म्या बाहेर. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण या दोन्ही दिशांतील चुका सारख्याच विखुरलेल्या, परस्परांपासून स्वतंत्र आणि प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वितरणाच्या आहेत असे धरले, तर निम्म्या नोंदींची त्रिज्या प्रमाण विचलनाच्या (चुका किती विखुरल्या आहेत ते सांगणाऱ्या मापाच्या) १.१८ पट येते आणि ९५ टक्के नोंदी सामावणारी त्रिज्या २.४५ पट. त्या हिशेबाने खोक्यावर ‘५.२ मीटर’ लिहिले असते तरी यंत्र तेच राहिले असते. खप मात्र तोच राहिला नसता. गच्चीवरच्या, निरभ्र आकाशाखालच्या दुपारच्या नोंदी या हिशेबाशी बऱ्यापैकी जुळल्या, एवढे श्रेय कंपनीला दिले पाहिजे.

यापुढे मात्र जाहिरात आणि गणित यांची फारकत होते. यंत्रात ‘सरासरी पॉइंट’ नावाचे एक बटण आहे. जाळे अडकण्याची जागा, बुडालेला खडक किंवा मासळीचा ठाव नोंदवताना ते दाबून ठेवायचे. यंत्र एका मिनिटात ६० नोंदी घेऊन त्यांची सरासरी साठवते आणि पडद्यावर ‘अचूकता ०.३ मीटर’ असा संदेश झळकतो. हा आकडा कोठून आला ते ओळखणे कठीण नाही : अडीच मीटरला ६० च्या वर्गमुळाने भागले आहे. हा भागाकार करण्याचा अधिकार प्रत्येक नोंदीतील चूक आधीच्या नोंदीपासून स्वतंत्र असेल तेव्हाच मिळतो. उपग्रहाच्या घड्याळातील उणीव, कक्षेतील उणीव, आयनांबरातील (वातावरणाच्या वरच्या, विद्युत्भारित थरातील) विलंब हे सारे सेकंदासेकंदाला नव्याने जन्मत नाही. ते मिनिटामिनिटांनी हळूहळू सरकते. अशा चुकीचे सर्वांत साधे प्रतिमान म्हणजे पहिल्या कोटीची गाउस-मार्कोव्ह प्रक्रिया : आताची चूक ही आधीच्या चुकीचा काही भाग अधिक थोडी नवी यादृच्छिक भर, आणि दोन क्षणांमधील सहसंबंध काळाच्या अंतराबरोबर घातांकी वेगाने ओसरणारा. हा सहसंबंध दहा मिनिटांच्या कालप्रमाणाने ओसरतो, म्हणजे दर दहा मिनिटांनी साधारण एक-तृतीयांशावर येतो, असे समजा. मग पूर्ण तासभर घेतलेल्या ३,६०० नोंदींचे मोल जेमतेम साडेतीन स्वतंत्र नोंदींइतके भरते, आणि एका मिनिटाच्या साठांचे मोल एका नोंदीहून फारसे अधिक नाही. गच्चीवर एकाच जागी ठेवलेल्या यंत्राचा ‘सरासरी पॉइंट’ सकाळी आणि दुपारी घेतला तेव्हा दोन खुणांमध्ये तीन-साडेतीन मीटरचे अंतर होते आणि दोन्हींखाली ‘०.३ मीटर’ असेच लिहिलेले होते. ज्याला एखादा खडक नक्की नोंदवायचा आहे त्याने बटण लांबवर दाबण्यापेक्षा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी त्याच जागेच्या नोंदी घ्याव्यात.

दोन वारंवारतांचा मुद्दा खरा आहे, आणि या यंत्राच्या किमतीचे समर्थनही तेथेच आहे. आयनांबरातील इलेक्ट्रॉन संकेताला विलंब लावतात आणि तो विलंब वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. एल-१ ची वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ, एल-५ ची ११७६.४५, दोन्ही संकेतांवरील विलंबांची तुलना केली की आयनांबराचा वाटा जवळजवळ पूर्ण वजा करता येतो. एकाच वारंवारतेच्या जुन्या यंत्रांना यासाठी उपग्रहाकडून येणाऱ्या आठ सहगुणकांच्या प्रतिमानावर भिस्त ठेवावी लागते आणि त्याने या चुकीचा साधारण निम्माच भाग निघतो. कोकण किनाऱ्याला याचे महत्त्व विशेष आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते (थुंब्याचे अग्निबाणतळ १९६३ साली त्याच कारणासाठी तेथे उभे राहिले) आणि त्याच्या उत्तरेकडील इलेक्ट्रॉनांचा दाट पट्टा गुजरात-मध्य प्रदेशावर पडतो. आपण या दोहोंच्या मधोमध राहतो, म्हणून आयनांबराची चूक आपल्याला दुर्लक्षून चालत नाही.

तरीही ही वजाबाकी फुकट होत नाही. दोन संकेतांपैकी एकाला २.२६ ने आणि दुसऱ्याला १.२६ ने गुणून वजा करावे लागते. दोन्हींतील यादृच्छिक गोंगाट सारखा आणि स्वतंत्र असेल, तर निकालातील गोंगाट २.६ पट होतो. पुस्तिकेत याचा उल्लेख नाही. परिणाम पडद्यावर दिसतो : एकाच वारंवारतेवर चालवले की खूण एका बाजूला झुकते पण शांत असते, दोन्हींवर चालवले की ती खऱ्या जागेभोवती राहते पण थरथरते. मला दुसरा पर्याय पसंत आहे. थरथर सरासरीने कमी होते, झुकाव होत नाही.

सूर्यास्तानंतरची गोष्ट निराळी. विषुववृत्ताजवळच्या आयनांबरात संध्याकाळी विरळ पोकळ्या तयार होऊन वर चढतात, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि सूर्याची सक्रियता जास्त असेल तर अधिक. त्यांतून येणाऱ्या संकेताची तीव्रता चढउतार करू लागते. ती मोजण्यासाठी शास्त्रज्ञ एस-४ हा निर्देशांक वापरतात, म्हणजे तीव्रतेचे प्रमाण विचलन भागिले तिची सरासरी. आणि चढउतारांचे वितरण नाकागामी या जपानी संशोधकाच्या नावाच्या वितरणाने बरेच चांगले वर्णिले जाते. खरेदीदाराला यातून एवढेच हवे आहे की अशा वेळी चूक नुसती मोठी होत नाही, तिचा स्वभावच बदलतो, आणि दुपारच्या नोंदींवरून काढलेले प्रमाण विचलन रात्री लागू पडत नाही. एल-५ सारख्या खालच्या वारंवारतेवर हा उपद्रव अधिक जाणवतो, त्यामुळे नेमके अशा वेळी यंत्र दुसरी वारंवारता सोडून देते. त्याची सूचना पडद्याच्या कोपऱ्यातील एका हिरव्या ठिपक्याच्या करड्या होण्याने मिळते, जी चालत्या बोटीत कोणाच्याही लक्षात येणार नाही.

बोटीवर चढवल्यानंतर सर्वाधिक तक्रार झाली ती नोंदी गुळगुळीत करण्याच्या पद्धतीबद्दल. हे काम कालमन फिल्टर करतो. रुडॉल्फ कालमन यांनी १९६० साली मांडलेली ही रीत नासाच्या एम्स केंद्रातील स्टॅनली श्मिट यांनी अपोलोच्या मार्गनिर्देशनासाठी जुळवून घेतली, आणि आज ती प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. फिल्टर दोन गोष्टींवर विश्वास वाटून देतो : नुकत्याच आलेल्या मापनावर आणि वाहन कसे हलेल याच्या प्रतिमानावर. प्रतिमानात वेगातील यादृच्छिक बदल कमी धरला की रेघ देखणी येते, पण वळणावर मागे राहते. आमचे यंत्र कारखान्यातून ‘मोटार’ या प्रतिमानावर बसवून आले होते. आठ नॉट वेगाने येणारी बोट सेकंदाला चार मीटरहून अधिक कापते; वळण कळायला तीन सेकंद उशीर झाला तर रेघ बारा मीटर चुकते. मालवण बंदरात शिरताना खडकांमधून वाट काढावी लागते आणि तेथे बारा मीटर ही चैन परवडत नाही. ‘समुद्र’ हे प्रतिमान मेनूत चार पायऱ्या आत दडलेले आहे. ते निवडले की यंत्र उभा वेग शून्य आणि उंची समुद्रसपाटीची धरते. एक अज्ञात राशी कमी झाल्याने उरलेल्यांचे अनुमान सुधारते आणि वळणावरचा उशीरही कमी झाला.

नांगरावर असताना मात्र वेगळाच घोळ. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की यंत्र खूण गोठवून टाकते, जेणेकरून उभ्या वाहनाची खूण भरकटू नये. तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाच्या, हे पहिल्याच रात्री ध्यानात आले. “मास्तरांनू, नांगर टाकलो काय ह्येचो पॉइंट जाग्यार खिळता. बोट सरकली तरी ह्येका पत्तो नाय.” दोष इतक्या नेमक्या शब्दांत पुस्तिकेतही सापडणार नाही. वाऱ्याने नांगर घसटत चाललेली बोट मंदच सरकते, आणि मंद हालचाल म्हणजे गोंगाट असे यंत्राने आधीच ठरवलेले असते. ही सोय बंद करता येते. विकताना ती चालू का ठेवतात हे कळत नाही.

खोक्यावरचा ‘नाविक’चा, म्हणजे भारताच्या स्वतःच्या उपग्रह-मार्गनिर्देशन प्रणालीचा, शिक्का खरा आहे, कारण एल-५ घेणाऱ्या यंत्रालाच आपले जुने उपग्रह ऐकू येतात, एल-१ वरील संकेत २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासूनचा. त्याच उपग्रहात पहिल्यांदा भारतीय बनावटीचे रुबिडियम घड्याळ गेले. पडदा उन्हात वाचता येतो. केबलचा जोड खाऱ्या हवेला टिकला नाही, दुकानदाराने तो विनातक्रार बदलून दिला.

नांगराच्या इशाऱ्याचे वर्तुळ (ज्याबाहेर खूण गेली की भोंगा वाजतो) किती ठेवावे, याबद्दल पुस्तिका १५ मीटर सुचवते. प्रसामान्य वितरणावर विश्वास ठेवला तर यंत्राच्या चुकीमुळे १५ मीटर ओलांडले जाण्याची शक्यता नगण्य, अब्जात एकाहूनही कमी येते, आणि तरीही ऑक्टोबरमधल्या एका रात्री बोट जागची हललेली नसताना भोंगा वाजला. आम्ही आता गोठवण्याची सोय बंद, प्रतिमान ‘समुद्र’, आणि वर्तुळ दोराच्या लांबीत २५ मीटर मिळवून ठेवतो. संध्याकाळी सात ते मध्यरात्रीपर्यंत भोंगा वाजलाच तर तांडेल आधी तो ठिपका हिरवा आहे की करडा ते पाहतो आणि मग दोराला हात लावतो.