वाइल्डर मेंदू-संग्रह, कॉर्नेल विद्यापीठ, इथाका (अमेरिका)

युरिस हॉलच्या दुसऱ्या मजल्यावरचे हे काचेचे कपाट लहान असले, तरी त्यापुढे अर्धा तास सहज जातो. प्राणिशास्त्रज्ञ बर्ट ग्रीन वाइल्डर यांनी १८८९च्या सुमारास सुशिक्षितांना मृत्युपत्राद्वारे मेंदूदानाचे आवाहन केले आणि पुढे त्यांचा स्वतःचा मेंदूही याच संग्रहात आला. ही निष्ठा मला फार मोलाची वाटते. स्त्रीचा मेंदू कमी प्रतीचा असतो, हे मत खोडण्यासाठी स्त्री-हक्कांच्या पुरस्कर्त्या हेलन गार्डनर यांनीही आपला मेंदू इथे दिला. मात्र सर्वांत जास्त वेळ मी थांबलो तो १८७१मध्ये फाशी गेलेल्या, भाषाशास्त्राचा व्यासंग असलेल्या एडवर्ड रुलॉफ या खुन्याच्या मेंदूपुढे, कारण द्रवात बुडालेल्या त्या वळ्यांचे वजन अनेक नामवंत विद्वानांच्या मेंदूंहून अधिक भरले होते. शरीरशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तर हे कपाट आवर्जून पाहावे.