थ्री-इन-वन माती मीटर: धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) सागासाठी कितपत कामाचं?

दोन दांड्यांचं, बिनबॅटरीचं, तीन-चारशे रुपयांत मिळणारं मीटर. ओल, उजेड आणि सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता) तिन्ही दाखवतं, असं खोक्यावर छापलेलं असतं. ओलीपुरतं ठीक. सामूसाठी घ्याल तर पैसे पाण्यात.

दोन दांड्या वेगवेगळ्या धातूंच्या असतात. ओल्या मातीत त्यांच्यात बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो, त्यावर काटा हलतो. म्हणजे ओल किती, खताचे क्षार किती, माती दांडीला किती घट्ट लागली, यावरच आकडा ठरतो. कोरड्या वावरात काटा सातजवळून हलत नाही. कन्हारीत, म्हणजे भारी काळ्या जमिनीत, दांडी भेगेत गेली की मोजमाप संपलं; बरडीत, म्हणजे हलक्या मुरमाड जमिनीत, ती मुरमाला लागून वाकते.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, खरा प्रश्न सामू साडेपाचच्या आसपास असण्याचा. सामू 5.5 च्या खाली गेला की मातीतलं अॅल्युमिनियम विरघळतं आणि मुळाच्या टोकाची वाढ खुंटवतं. वरची माती खरवडून पाहा: निरोगी बारीक मूळ पांढुरक्या टोकाचं, भरपूर फाट्यांचं, मार खाल्लेलं आखूड, जाडसर, तपकिरी. असं झाड पावसानं उघडीप देताच पानं टाकतं, कारण मुळं खाली गेलेलीच नसतात. स्फुरदही (फॉस्फरस) लोह-अॅल्युमिनियमशी बांधला जातो, आणि कॅल्शियमचा भुकेला साग उपाशी राहतो. आळ्यात दरवर्षी युरिया टाकणाऱ्यांनी हे आधी तपासावं. त्यातल्या नत्राचं नायट्रेट होताना आम्लता वाढते.

त्यापेक्षा काचेच्या इलेक्ट्रोडचं पेन मीटर घ्या. पाचोळा सारून 0–15 आणि 15–30 सेंमीची माती वेगवेगळी काढा, सावलीत वाळवून चाळा. 20 ग्रॅम मातीत 50 मिली डिस्टिल्ड वॉटर, अर्धा तास अधूनमधून ढवळणं. बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांनी आकडा बदलतो. आधी 6.86 आणि 4 च्या बफरवर (ठरावीक सामूच्या द्रावणावर) मीटर जुळवा. एकाच बफरवर भागवलं तर आम्ल बाजूचा आकडा भरवशाचा नाही. इलेक्ट्रोड सुकू देऊ नका, पण डिस्टिल्ड पाण्यातही बुडवून ठेवू नका. पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण लागतं.

आम्लता कमी करायचा चुना मात्र पेन मीटरच्या आकड्यावरही टाकू नका. किती टाकायचा हे मातीतल्या चिकणीवर आणि साठलेल्या आम्लतेवर ठरतं, त्यासाठी प्रयोगशाळेतली बफर चाचणीच हवी. अमरावती-यवतमाळच्या चुनखडी काळ्या जमिनीत तर चुन्याचा विषयच नाही; तिथं संत्र्याची पानं आधीच लोहाअभावी पिवळी पडतात.

थ्री-इन-वन घेऊनच बसला असाल तर ओल बघायला वापरा. मातीत रोवून सोडू नका, दांड्या गंजतात.